डॉक्टरांसाठीची ओळ

छापखान्यात एकतीस वर्षं मावशींचं काम एकच होतं. छापून आलेली लेबलं भिंगाखाली धरायची आणि चुका पकडायच्या. रंग सरकलाय, अक्षर तुटलंय, कड वाकडी कापली गेलीय, काही सुटायचं नाही त्यांच्या नजरेतून. सगळ्यात जास्त लेबलं यायची कीटकनाशकांच्या डब्यांची. दर वेळी नवी आवृत्ती आली की वरचं फुलाचं चित्र आणखी मोठं झालेलं असायचं आणि तळाची ‘डॉक्टरांसाठी सूचना’ आणखी आक्रसलेली. ती मोहरीएवढी झाली तेव्हा मावशी मालकांच्या खोलीत गेल्या.

“साहेब, हे भिंगाशिवाय मलाही वाचता येत नाही. घाईतल्या डॉक्टरला काय दिसणार?”

मालक हसले. “अहो बाई, ती ओळ वाचायला नसते. कायद्याला दाखवायला असते.”

मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण घरी नवरा अंथरुणाला खिळलेला, नोकरी सोडणं परवडणारं नव्हतं. त्या गप्प बसल्या. नवरा गेला, नोकरी संपली, तरी ते गप्प बसणं मात्र त्यांच्या मनात काट्यासारखं सलत राहिलं.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी एका सकाळी त्यांची भाची दारात उभी राहिली. ती दोन गल्ल्या पलीकडच्या सरकारी दवाखान्यात नर्स होती. अंगावर गणवेश, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत मधोमध कापलेला एक डबा.

“मावशी, भिंग काढ. चहाबिहा काही नको.”

“अगं, आत तर ये.”

“वेळ नाही. फुलांच्या कंपनीतल्या तीन बायका काल आल्यात. दरदरून घाम, तोंडातून लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. आमच्या डॉक्टरांनी अंदाजानं इंजेक्शनं दिली, आता जरा सावरल्यात. पण फवारलं काय होतं ते कोणी सांगेना. कंपनीचा साहेब कोरा करकरीत डबा घेऊन आलाय. म्हणतो, हेच मारलं होतं, बुरशीचं साधं औषध, बायका उन्हानं पडल्या. गाडी उभी आहे, घरी नेतो म्हणतोय.”

“आणि हा डबा?”

“एकीच्या नवऱ्यानं आणलाय. म्हणतो, फवारतात ते असल्याच डब्यांतलं, नाव त्याला ठाऊक नाही. तिथल्या बायका रिकामे डबे कापून झाडांना पाणी घालायला वापरतात.”

मावशींनी पदराच्या टोकानं भिंग पुसलं आणि डबा खिडकीशी नेला. वरचा भाग नव्हता, त्याच्याबरोबर औषधाचं नावही गेलं होतं. उरला होता हिरवा पट्टा, फुलाचं देठ आणि पाण्यानं फुगलेला कागद. सूचनेची ओळ पार धुऊन गेली होती. मावशींनी मान तिरकी केली.

“हिरव्याच्या कडेनं पिवळं डोकावतंय, बघ. आमचं तीन नंबरचं यंत्र असंच रंग सरकवायचं. मी डोकं फोडून घ्यायची, मालक म्हणायचे चालतंय.” त्यांनी डबा आणखी जवळ धरला. “आणि कडेला छपाईच्या कामाचा नंबर आहे, मजकूर बदलेपर्यंत तोच राहतो. चार, सात, एक, एक.”

नंबरावरून छापखान्याच्या वहीत काम सापडलं असतं, पण मालक ती वही कशाला दाखवतील? मावशी तडक स्वयंपाकघरात गेल्या. खराब निघालेली लेबलं रद्दीत जायची, त्यातले कागद त्या पाठकोरे म्हणून घरी आणायच्या. मागच्या बाजूला किराणाची यादी लिहायच्या, फडताळात अंथरायच्या. मावशींनी पहिल्या फळीवरचे डबे जमिनीवर मांडले, कागद ओढून काढले. नाही. दुसरी फळी. नाही. तिसऱ्या फळीवर, पिठाच्या डब्याखाली, तेलाच्या गोल डागासकट तो सापडला. हिरवा पट्टा, तेच देठ, चार सात एक एक. वर नाव, तळाशी ती ओळ.

मावशींनी भिंगातून ती मोठ्यानं वाचली. “हे औषध शरीरातील चरबीत साठते. बरे वाटल्यानंतरही लक्षणे उलटू शकतात. रुग्णास किमान चार दिवस देखरेखीखाली ठेवावे.”

“अगं बाई! आणि तो त्यांना घरी न्यायला निघालाय!” भाची म्हणाली.

मावशींनी पायात चपला सरकवल्या. स्वयंपाकघर तसंच पसरलेलं राहिलं.

दवाखान्याच्या व्हरांड्यात साहेब घड्याळ बघत उभा होता. डॉक्टर बाकावर बसलेला, वयानं लहान, रात्रभर जागलेला. त्यानं कागद आणि डबा शेजारी शेजारी ठेवले, नंबर दोनदा ताडून पाहिला.

“कुठला जुना डबा उचलून आणलाय,” साहेब म्हणाला. “आणि या बाई कोण? किती शिकल्यात?”

“वाचता येण्याइतपत शिकलेय,” मावशी म्हणाल्या. त्यांनी डबा उलटा करून त्याच्या नाकासमोर धरला. “बुडाला तारीख आहे. गेल्या महिन्याची. माझं भिंग देऊ का तुम्हाला?”

साहेबानं भिंग घेतलं नाही.

“औषध उचलताना तुमच्या गोदामात बायका सही करतात, तेव्हा त्यांना वाचता येतं असं धरता ना? मग त्यांच्या जिवाची ओळ मुंगीच्या पायांएवढी का? आणि ते सोडा. तुम्हाला तर नाव ठाऊक होतं! काल संध्याकाळपासून हा पोरगा अंधारात चाचपडतोय आणि तुम्ही खोटा डबा मिरवताय?”

“आवाज खाली करा, बाई.”

“एकतीस वर्षं खालीच होता.”

डॉक्टर उठला. “गाडी परत न्या. पेशंट इथेच राहतील,” तो म्हणाला आणि रजिस्टरमध्ये नाव, नंबर, तारीख सगळं लिहून खाली मावशींची सही घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, तिघींपैकी उठून बसून केस विंचरणाऱ्या एकीच्या हातातला कंगवा गळून पडला. तिचा श्वास अडकला, तिनं मान टाकली. भाची चार पावलांवर होती, म्हणून ती वाचली. घरी असती तर झोप लागली असं समजून कोणी तिला हलवलंही नसतं. मावशींना हे कळलं तेव्हा त्या भांडी घासत होत्या. हातातलं पातेलं त्यांनी मोरीत असं आदळलं की शेजारीण धावत आली.

चौकशी झाली. कंपनीनं दोष गोदामाच्या कारकुनावर ढकलला, साहेबाची बदली झाली, संपलं. छापखान्याच्या मालकांचा फोन आला, खराब कागद बाहेर नेणं नियमात बसत नाही म्हणून. “मग पाठवा पोलीस,” मावशी म्हणाल्या, “येताना मोठ्या अक्षरातलं एखादं लेबलही पाठवा.” पलीकडून फोन बंद झाला.

फडताळातले, ट्रंकेतले, कपाटातले सगळे पाठकोरे मावशींनी बाहेर काढले. एकशे चौदा वेगळी लेबलं निघाली. प्रत्येक एका पुठ्ठ्यावर चिकटवून खाली डॉक्टरांसाठीची ओळ त्यांनी हातानं लिहिली, बोटाच्या पेराएवढ्या अक्षरात. तो गठ्ठा आता दवाखान्यात इंजेक्शनच्या टेबलाशेजारी असतो. आसपासच्या दवाखान्यांतून नर्स डब्यांचे फोटो पाठवतात, भाची ते मावशींना आणून दाखवते. कधी जुळतं. कधी औषध पाण्याच्या साध्या बाटलीत ओतून विकलेलं असतं, लेबलच नसतं.

दोन बायका पुन्हा फुलं खुडायला जातात. डबा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आत पाऊल टाकत नाहीत, त्यावरून रोज बोलणी खातात. तिसरीचा उजवा हात अजून थरथरतो. ती घरीच असते, आणि केस तिचा नवरा विंचरतो.