मिसरीची डबी

सरकारी दवाखान्यात दातांच्या खोलीबाहेर ती फरशीवर बसली होती. झरीहून बसने आलेली, मांडीवर तीनेक वर्षांचं लेकरू आणि पोटात दुसरं. बोलताना ती तोंडावर पदर धरायची. शेजारी नंबर लावून बसलेल्या मला वाटलं, लाजतेय. पण पदराखाली गाल सुजलेला होता. लेकराचे पुढचे दात काळे पडून झिजले होते. ती भाकर आधी स्वतः एका बाजूने चावायची, मग त्याला भरवायची.

सिस्टर बाहेर आल्या. "दातांची खुर्ची बंद पडली आहे. लेकराला पुढच्या आठवड्यात आण. आणि बाई, तुझा दात बाळंतपणानंतरच."

"ह्याच्या टायमालाबी तुमी हेच म्हणले," ती म्हणाली. "बाळंत झाले, तवा म्हणले दूध सुटू दे. दूध सुटलं तवर हे दुसरं आलं. आता दातानं किती दम धरावा, तुमीच सांगा."

लेकरू रडायला लागलं. तिने कमरेची डबी काढली, भाजलेल्या तंबाखूची मिसरी बोटावर घेतली आणि त्याच्या हिरडीला चोळली.

"अगं, विष देतीस का लेकराला?" सिस्टर ओरडल्या.

"तुमी दवा द्या, डबी आत्ता फेकते."

सिस्टर आत गेल्या आणि दार लागलं. तंबाखूविरुद्धची पत्रकं मी गावोगाव वाटली आहेत. त्यातलं एक पिशवीत होतं. ते तिच्या हातात द्यायची माझी हिंमत झाली नाही.

'माता व बालकांची दंत तपासणी मोफत' या दारावरच्या फलकाखाली लेकरू गुंगीत झोपलं. बाहेर बसलेल्या आम्हा सगळ्यांत त्या दिवशी उपचार झाला तो फक्त त्याच्यावर.