शेवट न ऐकलेला माणूस

मुरबाडच्या बाजारात मी दुधी निवडत उभा होतो, तेव्हा फोन आला. जनूच्या दुकानाला लागून सायकलींचं दुकान आहे, तिथला भास्कर बोलत होता. “मास्तर, जनूदादा गेला.” कुठे गेला, असं मी विचारलं. मला खरंच कळलं नव्हतं. जनू अधूनमधून दुकानाचं शटर ओढून, कोणाला काही न सांगता मुंबईला गाण्यांचे शो ऐकायला जायचा, त्यामुळे मला वाटलं तसाच गेला असेल. भास्कर म्हणाला, “तसा नाय मास्तर. वारला.” सकाळी दुकानात बोअरच्या मोटारीचं वाइंडिंग करत असताना तो बसल्या जागी कलंडला होता. जीपमध्ये घालून शहापूरला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मी हातातला दुधी परत ठेवला आणि भाजीवाली काय म्हणतेय ते न ऐकताच चालायला लागलो.

जनार्दन वेखंडे हे नाव वाचकांना माहीत असण्याचं काही कारण नाही. किन्हवलीत जळालेल्या मोटारींना नवी तार भरून देणारा तो कारागीर, आणि चाळीस वर्षं रॉक संगीत ऐकणारा आमच्या पंचक्रोशीतला बहुधा एकमेव माणूस. त्याचे गुण सांगायला हा लेख लिहीत नाही. एक कबुली द्यायची आहे, ती आधीच देऊन टाकतो. जनूने आयुष्यात पंचवीसेक शो तरी ऐकले असतील, पण एकाचाही शेवट ऐकला नाही. एकदाच ती संधी आली होती, आणि त्या दिवशी त्याला अर्ध्यातून उठवून आणणारा मी होतो. हे त्याच्या बायकोला, सुमनवहिनींना, सांगायचं ठरवून मी त्यांच्या घरी गेलो आणि न सांगता परत आलो. म्हणून आता लिहितोय. कोणी त्यांना हे वाचून दाखवलं तर त्यांनी मला खुशाल काय ते बोलून घ्यावं.

आमची ओळख भांडणातून झाली. मी किन्हवलीच्या शाळेत मराठी शिकवायला नवा नवा लागलो होतो आणि जनूच्या दुकानामागची खोली भाड्याने घेतली होती. भिंतीपलीकडून संध्याकाळभर जो काही कल्लोळ यायचा, त्याने माझे पेपर तपासायचे राहून जायचे. चौथ्या दिवशी मी तणतणत दुकानात गेलो. मांडीवर मोटारीचं धूड घेऊन एक काटकुळा तरुण तांब्याची तार भरत होता आणि त्या गोंगाटात डोळे मिटून मान हलवत होता. हे काय लावलंय, म्हणून मी आवाज चढवला. त्याने टेप बंद केला, मला स्टूल दिलं, चहा मागवला, आणि चहा संपल्यावर अदबीने विचारलं की आता पुन्हा लावू का. मला त्यातलं काही कळत नाही, असं मी म्हणालो. त्यावर तो म्हणाला, “नाय कळला तरी चालतं मास्तर. आधी अंगाला लागला पायजे.” माझ्या अंगाला ते कधीच लागलं नाही. मी भजनातला माणूस. पण त्या स्टुलावर मी पुढे चाळीस वर्षं बसलो, मुरबाडला बदली झाली तरी आठवड्यातून एकदा येऊन बसलो.

हे वेड त्याला लागलं उल्हासनगरात, आयटीआयला असताना. खोलीतल्या मित्राकडे चारपाच कॅसेटी होत्या, त्यांवर कोणाची नावं आहेत हेही धड वाचता येत नव्हतं. मग कोणीतरी सांगितलं की त्या गिटारच्या पोटात लोहचुंबक असतो आणि त्याभोवती केसाएवढी बारीक तांब्याची तार हजारो वेळा गुंडाळलेली असते. जनू हरखून गेला. म्हणजे हे आपलंच काम, असं तो मला किती वेळा सांगायचा! पुढे कल्याणच्या एका बँडमधल्या पोराने गिटारची बिघडलेली कॉईल त्याच्याकडे आणून टाकली, तेव्हा त्याने बाकीच्या मोटारी बाजूला सारून दोन दिवस ती भरली. गिऱ्हाईकं बोंबलत होती, भाताच्या रोपांना पाणी नव्हतं, आणि हा भिंग लावून बसला होता. मी त्याला म्हटलं, लोक तुला मारतील. तो म्हणाला, मारू दे.

पहिला शो त्याने पाहिला तो जनरेटरच्या गाडीवर हेल्पर म्हणून, मुंबईच्या एका कॉलेजात, आणि शेवटाच्या वेळी त्याला डिझेल आणायला पाठवलं होतं. तिथपासून सुरू झालं ते अर्धवट ऐकणं. शहापूरहून किन्हवलीकडे येणारी शेवटची एसटी सव्वादहाची. ती धरायची तर आसनगाव स्टेशनला किती वाजता उतरायला हवं, त्यासाठी मुंबईत कोणती लोकल पकडायला हवी, हे सगळं उलटं मोजत गेलं की मैदानातून साडेसातला उठावं लागायचं. तेव्हा तिथे वाजवणारे नुसते तापायला लागलेले असायचे. घरी आजारी वडील, म्हणून मुक्काम करता यायचा नाही. वडील गेल्यावर मुलीची शाळा, मग वहिनींची दम्याची दुखणी. आमचं एक नेहमीचं झालं होतं. तो आला की मी विचारायचो, कुठपर्यंत ऐकलास? जेवण कुठपर्यंत झालं विचारावं तसं. तो म्हणायचा, निम्मा. कधी म्हणायचा, या वेळी जरा जास्त.

म्हणून त्याच्याकडच्या सगळ्या कॅसेटी शोच्या होत्या. स्टुडिओतली रेकॉर्डिंगं त्याला चालायची नाहीत. त्यात लोक नाहीत, असं त्याचं म्हणणं. शेवटचं गाणं संपलं, टाळ्या पडल्या, कोणी शिट्टी मारली, कोणी नाव घेऊन ओरडलं, तरी तो बटण दाबायचा नाही. ते सगळं विरून टेपची नुसती खरखर उरेपर्यंत ऐकायचा. त्यातही कॅसेटीची एक बाजू पाऊण तासाची, त्यामुळे नेमका शेवट कापला जायचा तेव्हा मी त्याला हसायचो की तुझ्या नशिबातच नाही. आज ते आठवलं की स्वतःची लाज वाटते. पुढे मोबाईल आले, पूर्ण शो बघता यायला लागले. मी म्हटलं, मिटलं ना आता? तर म्हणाला, “तो शेवट तिथं होते त्यांचा, मास्तर. आपला नाय.”

यंदा नवी मुंबईच्या मैदानात एक परदेशी बँड येणार होता. उल्हासनगरच्या खोलीत जनूने पहिल्यांदा ऐकलेली तीच मंडळी, आता पांढऱ्या केसांची, आणि पुन्हा येणार नाही असं जाहीर करून निघालेली. मुलीने त्याला दोन तिकिटं काढून दिली. माझ्याकडे मुलाने घेऊन दिलेली गाडी होती. मीच छाती ठोकून म्हटलं, या वेळी शेवटपर्यंत, माझा शब्द. तो नुसता हसला. त्या दिवशी त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्याला चालताना धाप लागत होती, मध्ये दोनदा थांबला, हेही मी पाहिलं होतं. पाहिलं आणि ऊन आहे म्हणून सोडून दिलं.

कार्यक्रमाचं मी काय सांगणार? मी सबंध आयुष्य शाळेच्या घंटेवर काढलं. कोणत्याही समारंभात आभारप्रदर्शन सुरू झालं की मी चपला शोधायला लागतो. नऊ वाजत आले तसं माझं लक्ष मागच्या गाड्यांवर जायला लागलं. एवढ्या हजारो गाड्या एकदम सुटल्या तर शीळफाट्याला किती वेळ अडकू, तिथून कल्याण, मग सरळगाव... माझं डोकं दुखत होतं. जनूच्या कानाशी तोंड नेऊन मी म्हटलं, “निघूया का? नंतर गाडी बाहेर निघायची नाही.” त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. रागावला असता तर मी थांबलो असतो. “चला,” म्हणाला आणि उठला. जन्मभराची सवयच ती. गाडीपाशी पोचलो तेव्हा मागून एकदम लोकांचा केवढा तरी ओरडा उठला आणि गिटार सुरू झाली. तो गाडीच्या टपावर हात ठेवून तसाच उभा राहिला. मी आतून म्हटलं, बस ना. तो बसला आणि दार लावलं.

रस्ता मोकळा मिळाला. त्याचा मला किती अभिमान वाटावा! किन्हवली आल्यावर मी म्हटलं, बघ, कसे झटक्यात आलो. जनू म्हणाला, “हो. तुमची गाडी चांगलीय.” त्यानंतर तीन आठवड्यांनी भास्करचा फोन आला.

तेराव्याला घरात माणसं होती, बोलता आलं नाही. म्हणून गेल्या पंधरवड्यात मुद्दाम एकटा गेलो. वहिनींनी बाहेरच्या खोलीत टेप लावून ठेवला होता. कुठली कॅसेट आहे ते त्यांना ठाऊक नव्हतं. न चालवता ठेवला तर आतला पट्टा कडक होतो असं जनू सांगायचा, म्हणून संध्याकाळी थोडा वेळ लावतात म्हणाल्या. मी पाणी प्यायलो, घसा साफ केला आणि सुरुवात केली की वहिनी, त्या शोबद्दल तुम्हाला एक सांगायचं होतं. त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला.

“सांगला ना त्यांनी मला सगळा,” त्या म्हणाल्या. “शेवटच्या गाण्याला सगळे दिवे बंद केले म्हणे. नुसता तो एक म्हातारा न् त्याची गिटार. पब्लिक गात होती. न् तुमी रडलात म्हणे, भावजी. ते बोलले, मास्तरला चाळीस वर्षांनी अंगाला लागला.”

त्याने स्वतःपुरता एक शेवट रचला असता तर मी समजू शकलो असतो. माणूस घरी येऊन काय सांगणार? पण त्या शेवटात त्याने मलाही बसवलं होतं, शेजारी, घड्याळात न बघणारा, रडणारा. तीन आठवडे तो वहिनींना हे सांगत होता आणि माझ्याबद्दल एक वाकडा शब्द त्याने काढला नव्हता. सांगून टाकावं असं वाटत होतं, शब्द तोंडाशी आले होते, पण खरं काय ते सांगायचं म्हणजे वहिनींकडून जनूचा तो एकच पूर्ण शो काढून घ्यावा लागणार होता.

टेपवर कुठल्या तरी गावचे लोक टाळ्या वाजवत होते. वहिनी पदराने त्यावरची धूळ पुसत होत्या.

“त्यांचा पुढचा सांगायचा राहून गेला,” त्या म्हणाल्या. “संपल्यावर काय, लोका लगेच उठली?”

“नाय वहिनी,” मी म्हटलं. “कोणीच उठला नाय.”