पेपरातला पाय

"पॅन्ट वर कर ना बे. लोकायले पाय दिसू दे."

मालगुजार बोलले, गावचे जमीनदार. माइकात बोलले. सव्वीस जानेवारी होती. शाळेच्या पटांगणात सगळं गाव बसलं होतं. शाळा कमिटीचे अध्यक्ष तेच. बाजूले तालुक्याचा पेपरवाला कॅमेरा घेऊन उभा. आणि स्टेजच्या मधोमध हे, माझा नवरा. बांगलादेशच्या लढाईतून घरी आलेले. एक पाय गुडघ्याखाली लाकडाचा.

यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग वाकले. पॅन्ट वर केली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी बायकांत बसली होती. पदर तोंडावर ओढला. तो पाय हे स्वतःच्या आईलेही पाहू देत नव्हते. उरलेल्या खुंटाले तेल फक्त मी लावत होती. आता तो सगळ्या गावाचा झाला.

पेपर आला. मालगुजारांच्या ओसरीवर शाळेच्या मास्तरांनी मोठ्यानं वाचला. एकट्यानं शत्रूच्या चौकीवर चाल केली, म्हणे. पाय तुटला तरी गोळ्या झाडतच राहिला, म्हणे. हे खाली अंगणात बसले होते. मी तिथंच मजुरीनं तांदूळ पाखडत होती.

"असं नव्हतं झालं, मालक," हे बोलले.

"मंग कसं?"

"तिकडं धान उभं होतं. पिकून झडून राहिलं होतं. कापाले कोणी उरलंच नव्हतं, गावंच्या गावं पळाली होती. आम्ही शेताच्या धुऱ्यानं जाऊन राहिलो होतो. एक लोंब हातात घेऊन पाहावं म्हणून मी खाली धानाच्या बांधीत उतरलो. पायाखाली सुरुंग होता. त्या दिवशी मी एकबी गोळी नाही चालवली."

मग मालगुजार हसले.

"म्हणजे धान चोराले गेला होता."

सगळी ओसरी हसली. मास्तरही हसले.

"पेपर खोटा अन् तू खरा काय? कोणी पुसलं तर पेपरातलंच सांगत जा. गावाच्या इज्जतीचा सवाल हाय."

"हो मालक," हे म्हणाले.

माझ्या हातातलं सूप थांबलं. मान वर करायची हिंमत नव्हती.

तेव्हापासून कोणी मोठा पाहुणा आला की यांना बोलावणं. पॅन्ट वर करायची. पेपरातली गोष्ट सांगायची. घरी आले की जेवत नसत. आणि रस्त्यानं पोरं मागून ओरडत, धानचोर, धानचोर. स्टेजवर वीर. गल्लीत चोर. गावाले दोन्ही पाहिजे होतं.

एक दिवस अंगणात बसल्या बसल्या मले म्हणाले, "मी चौकीवर गेलो होतो का नाही, आता मलेच समजत नाही."

मी घाबरली. पाय सुरुंगानं नेला होता. बाकीचा माणूस हे लोक नेऊन राहिले होते.

पंधरा ऑगस्टले चपराशी आला. "मालकानं बोलावलं. पेपरवाला बसला हाय." हे मुकाट्यानं उठले, पॅन्ट घेतली. मी ती हातातून काढून घेतली.

"तुमी बसा."

मीच गेली. झेंड्याखाली मालगुजार उभे होते.

"तू काहून आली? तो कुठं हाय?"

"ते येणार नाहीत. माह्या माणसाचा पाय तमाशा नाही. धान पाहाले उतरले होते, तिथं सुरुंग फुटला. लिवाचं असन तर हे लिवा."

पेपरवाल्यानं पेन काढलाच नाही. मालगुजार एवढंच म्हणाले, "उद्यापासून माह्या बांधीत येऊ नको."

माझी मजुरी गेली. लाज तेव्हाही वाटत होती. पण चार लोकांत बाई बोलली, याची नाही. इतके दिवस बसून टाळ्या ऐकल्या, याची.

त्याले पंधरा वर्षं झाली. आता शेजारणीचा मुलगा फौजेतून समुद्रापलीकडं श्रीलंकेत लढाले गेला. पेपरात रोज फोटो येतात. परवा एक पेपरवाला येऊन गेला, तिले विचारत होता, आईले किती अभिमान वाटते. ती नुसती रडत होती. मी तिले सांगितलं, पोरगा आला की आधी जेवू घाल. मग बोलू दे. भेलो, घाबरलो म्हणाला तरी बोलू दे.

तो बोलत असन तेव्हा मी दारात बसणार. मालगुजार येवो, पेपरवाला येवो. त्याच्या तोंडात मी कोणाले शब्द कोंबू देणार नाही.