मुंबईत ऊन आहे
मला तीन मुलींनी नकार दिला, त्यात त्यांचं फारसं चुकलं नव्हतं. उंची बेताची, कपाळ मागे सरकू लागलेलं आणि नोकरी वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कंपनीत पंप विकण्याची. नव्वदचं दशक नुकतंच संपलं होतं. त्याच सुमारास आमच्या मालकांनी हौसेने इंटरनेटवाला मोबाईल घेतला, दोन दिवसांत त्याला वैतागले आणि "तू शिकून घे" म्हणून माझ्या हातात दिला. झालं. त्या चार ओळींच्या पडद्यात आता अख्खं जग येणार, असं मी आमच्या नौपाड्यात भेटेल त्याला सांगत सुटलो. रेल्वेचं रिझर्वेशन, बँक, बातम्या, सगळं खिशात. लोक शांतपणे ऐकून घ्यायचे आणि विचारायचे, "पण फोन नीट लागतो ना?" सगळे अडाणी आहेत, असं माझं ठाम मत झालं.

चौथी मुलगी डोंबिवलीची होती. निघताना आई म्हणाली, "तो डबा घरी ठेव. आपण मुलगी बघायला चाललोय." मी ऐकलं नाही. खरं सांगायचं तर मी घाबरलो होतो. मुलीपुढे ठेवावं असं त्या मोबाईलखेरीज माझ्याकडे काहीच नव्हतं, आणि तोही मालकांचा.

मुलीचे वडील निवृत्त मास्तर. त्यांनी टीपॉयवरचा मोबाईल चष्मा वर करून पाहिला. "ह्यात काय काय कळतं?"

"काहीही विचारा," मी म्हणालो.

"आमची थोरली पुण्याला असते. तिने आज पापड घातलेत. तिकडे ऊन आहे का, तेवढं सांगा."

घरात रेंज नव्हती. मी गॅलरीत गेलो, कठड्यावरून कमरेत वाकलो आणि शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या टॉवेलपाशी हात नेला, तेव्हा कुठे एक काडी दिसली. लाईन लागायची, तुटायची, पुन्हा लागायची. आतून बांगड्यांचा आवाज आला. बशा वाजल्या. आई दोनदा खाकरली, मग तिसऱ्यांदा जोरात खाकरली. माझ्या मागे कोणीतरी येऊन उभं राहिलं.

"जरा बाजूला व्हा, रेंज जातेय," मी मान न वळवता म्हणालो. पावलं मुकाट्याने मागे गेली.

शेवटी पान उघडलं. त्यात शहरं चारच होती, दिल्ली, मुंबई, लंडन आणि न्यूयॉर्क. पुण्याचा पत्ता नव्हता. पण इतक्या खटपटीनंतर हात हलवत परत जायचं कसं? मी आत जाऊन जाहीर केलं, "मुंबईत ऊन आहे."

मास्तरांनी खिडकीबाहेर पाहिलं. "हो," ते म्हणाले, "सकाळपासून आहे."

पोहे गार झाले होते. मुलगी केव्हाच आत गेली होती.

परतताना रिक्षात आईने विचारलं, "कशी वाटली?"

"चांगली आहे."

"चष्मा आहे रे तिला. चालेल ना?"

"चष्म्याचं काय एवढं? शोभतो तिला."

"तिला चष्मा नाही," आई म्हणाली.

माझा मलाच इतका राग आला की दोन दिवस मी मोबाईलला हात लावला नाही. घरच्या फोनकडे मात्र येताजाता बघत होतो. नकार येणार हे नक्की होतं, फक्त तो कोणत्या शब्दांत येतो हेच ऐकायचं होतं. तिसऱ्या दिवशी मास्तरांचा फोन आला. आईने रिसीव्हर माझ्या कानाला लावला.

"मुलीचं म्हणणं असं," मास्तर म्हणाले, "की तिने मुलाची फक्त पाठ पाहिली. पाठीवरून काही ठरवता येत नाही. तर रविवारी पुन्हा या."

रविवारी मोबाईल ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये कुलूपबंद करून गेलो. मोठ्यांनी आम्हाला बोलायला म्हणून त्याच गॅलरीत पाठवलं. हात रिकामे होते आणि त्यांचं काय करावं ते समजत नव्हतं.

"त्या दिवशी पाणी घेऊन मीच आले होते," ती म्हणाली. "बाजूला व्हा म्हणालात, झाले. आज कुठे बसू?"

माझे कान तापले. "समोर," मी म्हणालो.

ती समोर बसली. चष्मा खरंच नव्हता.