टॉवरखालचा माणूस

कंधारजवळच्या गावी आईचा फोन लागेना, म्हणून मी नांदेडात बसून तिचं रिचार्ज मारलं. तरी लागेना, म्हणून पुन्हा मारलं. शेवटी घाबरून बायकोसह गाव गाठलं, तर आई ओट्यावर शेंगा फोडत बसलेली. लाइट गेली होती आणि टॉवर बंद पडला होता, एवढंच.

टॉवरचा राखणदार दर खेपेला भेटतो, पण मी त्याचं नाव कधी विचारलं नाही. टॉवरला तो 'ही' म्हणतो आणि आजारी म्हशीकडे बघावं तसा तिच्याकडे बघतो.

"परवापासून उपाशी हाय ही," मी टॉवरपाशी गाडीतून उतरताच तो म्हणाला. "कंपनीच्या डिझेलची वाट बघून राहिलो, सर."

मग माझ्यातला मास्तर जागा झाला. खेड्यातल्या फोनचा खर्च कंपनीने सोसावा, सरकारने की शहरातल्या गिऱ्हाइकांनी? मी बोटांवर मुद्दे मोजत होतो. तो "हाव, हाव" करत उठला, शेतातल्या इंजिनासाठी आणलेला कॅन घेऊन आला आणि त्याने तो जनरेटरमध्ये रिकामा केला.

"अहो, हे तर तुमचं डिझेल!"

"हाव. पन तुमची माय रोज सांजीला फोन घेऊन ओट्यावर बसती. तुमचं ठरेपर्यंत तिनं बसूनच ऱ्हावं का?"

परतताना कंधारचा पेट्रोलपंप दिसल्यावर बायको म्हणाली, "थांबा इथं. एक कॅन विकत घेऊन डिझेल भरून घेऊ आणि त्यांना देऊन येऊ. या वेळी तुम्ही गाडीतून उतरू नका."