इस्त्री जड होत गेली

चौकातल्या इस्त्रीच्या दुकानातल्या बाईला सगळे वहिनी म्हणत. कोळशाची लोखंडी इस्त्री ती एका हाताने लीलया फिरवायची. दारूच्या थेंबाला कधी शिवली नव्हती, तरी रक्तातल्या जुन्या काविळीने तिचं यकृत आतून कडक होत गेलं. लोकांनी पाठीमागे तर्क लढवलेच.

'यकृताला जड नको,' असा सल्ला कुणीतरी दिला आणि नवऱ्याने तिचं दूध, अंडी, डाळ सगळं तोडलं. नुसता मऊ भात. हळूहळू इस्त्रीला दोन्ही हात लागू लागले.

"अहो, कोळसे जास्त भरलेत का?"

"नेहमीइतकेच आहेत गं."

मग विजेची हलकी इस्त्री आली, नंतर नुसत्या घड्या. काट्यावर मात्र वजन वाढत होतं. "बघ, म्हातारपणी बाळसं धरलंस!" नवरा खूश.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला हात न टेकता खुर्चीतून उठायला सांगितलं. तिला जमेना. "खुर्चीच सोडत नाही मला," ती ओशाळून हसली.

"पोटात पाणी भरलंय, म्हणून काटा फसवतो. अंगावरचं मांस मात्र उतरलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आतड्यात जंतू सगळ्यांच्याच असतात. यांच्यात वाइटांचं फावलंय. त्यांचं विष यकृताला गाळता येत नाही. ते रक्तातून फिरतं आणि स्नायू झिजवतं. त्यात खाणं तोडलंत, मग शरीराने स्वतःचंच मांस खाल्लं."

नवऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. "यकृत बदलता येईल?"

"एवढ्या अशक्त शरीराला ऑपरेशन झेपणार नाही. आधी ताकद यायला हवी."

तो हाताने अंडं भरवू लागला. दोन घासांत तिला उमळून यायचं. जंतूंचं विष बाहेर पडावं म्हणून दिलेल्या औषधाने जुलाब व्हायचे. मोरीपर्यंत जायलाही त्याचा खांदा लागे.

एका दुपारी ती त्याच्याकडे बघतच राहिली. विष डोक्यात चढलं होतं.

"दादा, आमचे हे कुठे गेले हो?"

त्याने तिचा हात हातात घेतला. कातड्याखाली नुसती हाडं. "येतील आत्ता," तो म्हणाला आणि रिक्षा आणायला धावला.

दवाखान्यात ती चारच दिवस जगली. त्याला तिने पुन्हा ओळखलं नाही.