सातऱ्यावरच्या बाया तिखट खात नाहीत

ऑफिसात डबे उघडले की कोणीतरी तिखटाची फुशारकी मारतंच. लहानपणी पहिली मिरची कशी खाल्ली, सावजी रस्सा पिऊन कसा घाम फुटला, वगैरे. मी गुपचूप पोळी खाते. परवा एक जण म्हणाला, "मॅडम, तुम्ही तर मिरचीच्या भिवापूरकडच्या, सांगा न एखादा किस्सा." एक कसला, पोतंभर आहेत. असल्या गोष्टी कोणी हौसेनं जमवत नाही, कोपऱ्यात धूळ साचते तशा साचतात. तर ऐका. मग जेवण गोड लागलं नाही तर मला बोलू नका.

आमच्या गावाबाहेर सातरा होता. सातरा म्हणजे मिरचीचे देठ खुडायची जागा. वर ताडपत्री, खाली लाल ढीग आणि भोवती दिवसभर खुडत बसलेल्या बाया. त्यात माझी आई आणि तिच्या बाजूला शेवंताकाकू. शाळा सुटली की मी तिथेच जायची.

* * *

पाच वर्षांची असेन. ढिगातली एक मिरची इतकी चकचकीत होती की मला ती खाऊच वाटली. चावली. जीभ बाहेर काढून बोंबलत आईकडे धावले, तर आई दोन्ही हात वर करून मागे सरकली. "शेवंता, पाह्य वं पोरीले," एवढंच ओरडत राहिली. काकूनं बोटाला पदर गुंडाळला आणि माझ्या तोंडात गूळ कोंबला. मला मिरचीचा राग आला नाही, आईचा आला.

काकूनं मग सांगितलं, "रांगत होतीस तवा तुह्या मायनं तुहा डोळा पुसला होता. दोन दिस डोळा उघडला नाई तुहा. तवापासून माय तुले हात लावत नाई."

खुडणाऱ्या बाईच्या हातात मिरची मुरते. साबणानं जात नाही, तेलानं जात नाही. माझी वेणी शेजारची ताई घालायची. आईनं माझ्या गालावरून हात फिरवल्याचं मला आठवत नाही. हे मी रडत सांगत नाहीये, चिडून सांगते आहे.

* * *

शाळेत मी वर्गात शिरले की पोरं शिंकायची. माझ्या फ्रॉकला तिखटाची धूळ असायची. बाईंनी मला शेवटच्या बाकावर, खिडकीजवळ बसवलं. म्हणाल्या, "तुझ्यामुळे सगळ्यांना त्रास होतो." मी मान हलवली आणि चार वर्षं तिथेच बसले.

त्याच बाई उन्हाळ्यात सातऱ्यावर आल्या. वर्षभराच्या तिखटासाठी मिरची पाहिजे होती. नाकाला रुमाल लावून आईला म्हणाल्या, "चांगली निवडून द्या हो, एक देठ राहायला नको."

* * *

दुपारी सातऱ्यावर डबे उघडायचे तेव्हा बघण्यासारखं असायचं. कोणाकडे वरणभात, कोणाकडे पोळी आणि गूळ, कोणाकडे नुसता ताकभात. तिखट एकीच्याही डब्यात नाही. सकाळपासून नाकातोंडात तेच जात असताना पुन्हा पोटात कशाला घालायचं?

एका सीझनच्या शेवटी मालकानं खूश होऊन सगळ्यांना मटण घातलं. खास आचारी, लालभडक रस्सा. बायांनी काय केलं, तुकडे उचलले, लोट्यातल्या पाण्यात धुतले आणि खाल्ले. मालकाचा चेहरा पडला. "काहून वं, मिरचीवाल्या बाया आन् तिखट नाई खात?"

काकू तुकडा धूतच होती. म्हणाली, "मालक, तुमी एक दिवस खुडून पाहा, मंग हाच रस्सा वाढतो तुमाले."

दुसऱ्या वर्षी मटण झालं नाही.

* * *

आईचा खोकला वाढला तेव्हा मी तिला डॉक्टरकडे नेलं. मोठा दवाखाना, एसी. डॉक्टरांनी छाती तपासली, गाव विचारलं आणि हसले. "तिकडचे लोक तिखट फार खातात. तिखट बंद करा, खोकला जाईल."

आई म्हणाली, "खातच नाई, साहेब."

"सगळे असंच म्हणतात," डॉक्टर म्हणाले आणि कागदावर लिहिलं, तिखट वर्ज्य. आई दुसऱ्या दिवशी कामावर गेली.

* * *

माझं सासर नागपूरचं. पहिल्या जेवणाला सासूबाईंनी कौतुकानं सावजी रस्सा केला. "भिवापूरकडची पोरगी, हिले काय तिखट लागते." सगळे बघत होते, म्हणून मी वाटी संपवली. डोळ्यांतून धारा लागल्या. नणंद म्हणाली, "अगं बाई, माहेरची आठवण आली वहिनीले." तेही खरंच होतं.

* * *

गेल्या वर्षी मला मुलगी झाली. आईनं फोनवर सांगितलं, "मी आठ दिस काम सोडलं हाये. रोज हाताले तेल लावून राहिली, बेसन लावून राहिली. बारशाले येतो आन् तिले मांडीवर घेतो." मला तिनं कधी घेतल्याचं आठवत नव्हतं, निदान हिला तरी घेईल.

आई बसनं आली. हात पदरात धरून बसली. सासूबाईंनी बाळ पुढे केलं, "घ्या न विहीणबाई, नात तुमची." आई म्हणाली, "थांबा जरा." उठून खिडकीशी गेली, आमच्याकडे पाठ केली आणि उजव्या हाताचं बोट आपल्याच डोळ्यात घालून फिरवलं.

"काय झालं हो?" सासूबाईंनी विचारलं. आई वळली. तो डोळा लालबुंद झाला होता आणि त्यातून पाणी वाहत होतं. पदरानं तो पुसत ती मला म्हणाली, "आठ दिस कमी पडले वं. तूच घे तिले, मी इथूनच पाहीन."